काफिल्याची दोरी आणि ट्रेलरचा हूक

अरबीत आगगाडीला 'कितार' म्हणतात, फारसीत 'कतार'. उर्दूत रांगेसाठी आपण जो 'कतार' शब्द वापरतो तो हाच. रेल्वे जगात यायच्या शेकडो वर्षे आधी या शब्दाचा अर्थ होता एकामागे एक बांधलेल्या उंटांची माळ. एकोणिसाव्या शतकात रुळांवरून डब्यांची माळ धावताना दिसली, तेव्हा अरबांना नवा शब्द घडवावा लागला नाही. तिकडे फारसीतला 'कारवान' युरोपात गेला, इंग्रजीत 'कॅरव्हॅन' झाला आणि त्याचाच शेवटचा तुकडा म्हणजे 'व्हॅन', आपल्या गल्लीत शाळेची मुले घ्यायला येते ती. ब्रिटनमध्ये आज कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे ओढायचे चाकांवरचे घर. अमेरिकेत त्यालाच ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात.

मुशायऱ्यात 'कारवाँ' शब्द आला की दाद ठरलेली. रहनुमा येतो, मंझिल येते, गर्दही येते. दोरी मात्र कोणी आठवत नाही. उंट बांधून मग तवक्कुल करावे, म्हणजे आपले काम आधी नीट करून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही हदीस आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिचा अर्थ आता फक्त नैतिक उरला आहे. पण ज्यांना खरोखर उंट बांधायचे होते त्यांच्यापुढे प्रश्न अगदी व्यवहारी होता. गाठ कुठे मारायची? किती घट्ट? आणि ती सुटलीच तर?

ट्रेलर ओढणारा अमेरिकन माणूस दुकानात हूक आणि वायरिंगचा प्लग निवडायला जातो तेव्हा त्याच्यापुढेही हेच प्रश्न असतात. उत्तरे त्याला तयार मिळतात, त्यामुळे त्यांच्यामागे किती बोटे तुटली आणि किती माणसे गेली हे त्याला माहीत असायचे कारण नाही.

सुरुवात उंटापासूनच करू. पश्चिम आशियात चाक फार जुने. तरीही इस्लामच्या उदयाच्या आधीच त्या प्रदेशातून बैलगाड्या आणि रथ जवळजवळ नाहीसे झाले. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकाराने १९७५ साली 'द कॅमल अँड द व्हील' या पुस्तकात याचा शोध घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की उंटावर घालायचे चांगले खोगीर तयार झाल्यावर ओझे वाहण्यासाठी उंट गाडीपेक्षा स्वस्त पडू लागला. त्याला रस्ता लागत नाही, पूल लागत नाही, गाडीचे लाकूड लागत नाही. आणि एकच माणूस अनेक उंट नेऊ शकतो, कारण मागचा उंट पुढच्याला बांधलेला असतो. मागासलेपणामुळे चाक गेले असे म्हणणाऱ्यांना हे पुस्तक जरूर वाचायला द्यावे.

आता ही बांधणी कशी? मध्य आशियात उंटाच्या नाकात लाकडी खुंटी घालतात. आपल्या बैलाच्या वेसणीचाच हा प्रकार, उर्दूत नकेल. खुंटीची दोरी पुढच्या उंटाच्या खोगिराला बांधतात. पण मुख्य दोरी थेट खुंटीला बांधत नाहीत. मध्ये एक बारीक, मुद्दाम कच्चा ठेवलेला दोर असतो. पुढचा उंट दचकून पळाला किंवा मागचा गुडघ्यावर बसला, तर हा कच्चा दोर तुटतो आणि उंटाचे नाक वाचते. दोर पक्का असता तर नाक फाटले असते, किंवा एका उंटाबरोबर अख्खी माळ घसरली असती. म्हणजे सगळ्यात कमजोर जागा कोणती असावी हे त्या माणसांनी आधीच ठरवून ठेवले होते.

पण कच्चा दोर अंधारात मुकाट्याने तुटला तर? सर्वांत पुढे चालणाऱ्या माणसाला काय कळणार? म्हणून शेवटच्या उंटाच्या गळ्यात घंटा. ती वाजते आहे तोवर माळ शाबूत. घंटा थांबली की माणूस थांबतो, मागे जातो, उंट शोधतो. इक्बाल यांच्या पहिल्या उर्दू काव्यसंग्रहाचे नाव 'बांग-ए-दरा' आहे, १९२४ सालचे. दरा म्हणजे काफिल्याची घंटा. कवितेत ती झोपलेल्यांना उठवणारी घंटा झाली. वाटेवर तिचे एक काम याहून साधे होते, शेपूट जागेवर आहे की नाही हे डोक्याला कळवणे. दोरी आणि घंटा, दोन्ही लागतात. पुढची सगळी गोष्ट या दोघींचीच आहे.

रेल्वेवाल्यांनी हे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे ठरवले, आणि फार महाग शिकले. अमेरिकेत सुरुवातीला मालडबे 'लिंक अँड पिन' पद्धतीने जोडत. एका डब्याच्या तोंडातून लोखंडी कडी बाहेर आलेली असे. दुसरा डबा हळूहळू जवळ येत असताना ब्रेकमन दोन्हींच्या मध्ये उभा राहून ती कडी हाताने समोरच्या तोंडात घाली आणि वरून खिळा सोडी. बैलाच्या जुवात शिवळ घालावी तसे, फक्त इथे बैल कित्येक टनांचा आणि थांब म्हटल्यावर न थांबणारा. हात वेळेत मागे घेता आला नाही तर बोटे जात. अनेकांची गेली. नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनच्या हाताची बोटे कमी दिसली की तो अनुभवी समजावा, अशी तेव्हाची कडवट थट्टा होती.

ईलाय जॅनी या माणसाने १८७३ साली एका नव्या कपलरचे पेटंट घेतले. तो यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला, नंतर कापडदुकानात काम करणारा. त्याचा कपलर म्हणजे वाकवलेल्या बोटांचे दोन हात एकमेकांत अडकावेत तसा. डबे एकमेकांवर आले की आपोआप बंद होतो, आणि सोडायचा तर बाजूला उभे राहून दांडा ओढायचा. मध्ये माणूस नको. युक्ती तयार होती, तरी कंपन्यांनी ती लगेच घेतली नाही. खर्च होता, आणि ब्रेकमनची बोटे फुकट होती. लोरेंझो कॉफिन नावाच्या आयोवातल्या एका शेतकऱ्याने डोळ्यांदेखत एका कामगाराची बोटे तुटताना पाहिली आणि पुढची अनेक वर्षे तो या एकाच विषयावर लोकांचे डोके खात राहिला. अखेर २ मार्च १८९३ रोजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टवर सही केली आणि आपोआप जुळणारे कपलर व एअर ब्रेक सक्तीचे झाले. शोध आणि सक्ती यांच्यात वीस वर्षे गेली. आपल्याकडे जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांना स्क्रू कपलिंग असे, म्हणजे बफरांच्या मध्ये वाकून शिरणारा माणूस होताच. २००० नंतर आलेल्या एलएचबी डब्यांच्या टोकाला जो जाडजूड लोखंडी पंजा दिसतो, तो जॅनीच्याच घराण्यातला.

हे झाले दोरीचे. घंटेची गोष्ट अधिक भीषण आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये एअर ब्रेक आणला. इंजिनातून दाबाची हवा नळीने मागे पाठवायची, हवा पोचली की ब्रेक लागतो. उत्तम. पण गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटते, हवा पोचत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या डब्यांना ब्रेक उरत नाही. १८७२ मध्ये त्याने विचारच उलटा केला. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा, आणि दाब गेला की ब्रेक लागायचा. नळी फाटली, डबा सुटला, कोणी नळ उघडला, काहीही बिघडले तरी परिणाम एकच, गाडी थांबते. मला ही एकोणिसाव्या शतकातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. वाफेच्या इंजिनाहूनही शहाणी.

आयर्लंडमधल्या आर्माहहून १२ जून १८८९ रोजी निघालेल्या गाडीवर हा शहाणपणा नव्हता. मेथडिस्ट रविवार-शाळेची सहल होती, डबे मुलांनी आणि पालकांनी खच्चून भरलेले, दारांना बाहेरून कुलपे. चढ लागला आणि इंजिनाचा दम संपला. मग ठरले की गाडी मधून तोडायची, पुढचे डबे वर ठेवून यायचे, मग उरलेले न्यायचे. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. जोड सुटला की मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. मागच्या दहा डब्यांना धरून ठेवायला उरला गार्डचा एक हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उतारावरून उलटे सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसे मेली, त्यात बरीच मुले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. म्हणजे कंपन्यांना जे माहीत होते ते सक्तीचे व्हायला एक सहल बळी जावी लागली.

मोटारी आल्या आणि रेल्वेने शिकलेले पुन्हा विसरले गेले. १९२०च्या दशकात अमेरिकेत लोक घरी ठोकून केलेल्या लाकडी खोल्या मोटारीला बांधून फिरायला निघाले, तेव्हा हूक बहुधा बंपरलाच लावत. बंपर हा धक्का खायला असतो, ओढायला नाही. विमानांच्या इतिहासात गाजलेले ग्लेन कर्टिस याही उद्योगात उतरले होते. त्यांनी मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे टायर आडवे बसवले आणि ट्रेलरचा खिळा त्याच्या मधोमध सोडला. रस्त्याचे धक्के टायरातली हवा गिळत असे. महागडी युक्ती, श्रीमंतांपुरतीच राहिली. सामान्य माणसासाठी लोखंडी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी हीच पद्धत रुळली. खांद्याच्या सांध्यासारखी, सर्व बाजूंना वळणारी.

या गोळ्याचे गणित आजही लोक चुकवतात. अमेरिकेत गोळा मुख्यतः तीन मापांत मिळतो, १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. मोठ्या मापाची वाटी दोन इंची गोळ्यावरही बसते, खटका पडतो, हाताने हलवले तर घट्ट वाटते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येते. माप वाटीवर कोरलेले असते, वाचायचे एवढेच काम. दुसरे, वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर सापासारखा डोलू लागतो आणि तो डोल मोटारीलाही फिरवतो. फार जास्त असेल तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि हेडलाइट आभाळाकडे बघतात. जड ट्रेलरसाठी मग स्प्रिंगच्या दांड्यांचा हूक घेतात, जो गोळ्यावरचा काही भार पुढच्या चाकांकडे ढकलतो. हूकच्या पाच श्रेणी आहेत, पहिली २००० पौंडांपर्यंत ओढणारी, पाचवी १०,००० पौंडांच्या वर. पण सगळ्यात कमी क्षमतेचा जो भाग, तीच साऱ्याची क्षमता, मग तो हूक असो, गोळा असो की मोटार.

ट्रेलरच्या ब्रेकचे उत्तर विस्कॉन्सिनमधल्या आर्थर वॉर्नर यांच्याकडून आले. भावाबरोबर मोटारींचे स्पीडोमीटर बनवून नाव कमावलेले. १९०९ मध्ये त्यांनी कर्टिसचेच विमान विकत घेऊन आपल्या गावात उडवलेही होते. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कंपनीने विजेचे ब्रेक आणले. चाकाच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक बसवायचा. वीज सोडली की तो फिरत्या ड्रमला चिकटू बघतो, ओढला जातो, आणि त्या ओढीने ब्रेकचे शू दाबले जातात. चालकाने किती वीज सोडली तितका ब्रेक. हवेची नळी नको, एक तार पुरे.

पण तारेत वेस्टिंगहाउसच्या पहिल्या ब्रेकचाच दोष आहे. वीज पोचली तर ब्रेक, तार तुटली तर काही नाही. म्हणून ट्रेलरवर स्वतःची छोटी बॅटरी असते आणि एक 'ब्रेकअवे' स्विच. त्याच्या पिनेला बारीक दोरी, दोरीचे दुसरे टोक मोटारीला. ट्रेलर सुटला की दोरी ताणली जाते, पिन निघते, बॅटरी जोडली जाते आणि ट्रेलर स्वतःला थांबवतो. व्यापारी वाहनांसाठी अमेरिकेचा नियम सांगतो की असा ब्रेक किमान १५ मिनिटे धरून राहिला पाहिजे. वाटीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या नेतात, म्हणजे गोळा सुटला तरी ट्रेलरचे तोंड रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. आणि ब्रेकअवेची दोरी हूकला किंवा साखळीला बांधायची नसते, मोटारीच्या सांगाड्याला बांधायची असते. हूकच तुटून गेला तर त्याला बांधलेली दोरी त्याच्याबरोबरच जाईल. मध्य आशियातल्या उंटवाल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

राहिली घंटा, म्हणजे दिवे. अमेरिकेतल्या लहान ट्रेलरला चार तारांचा चपटा प्लग असतो. तपकिरी तार मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची. मोटारीकडच्या तोंडात वीज असलेल्या तीन पिना रबरात झाकलेल्या, उघडी फक्त अर्थची, म्हणजे प्लग लोंबून लोखंडाला लागला तरी शॉर्ट होत नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरला सात पिनांचा गोल प्लग. त्यात निळी तार ब्रेकची, आणखी एक बॅटरी चार्ज करायची, एक रिव्हर्सच्या दिव्याची. तिथल्या ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर सहसा एकाच दिव्यात असतात, युरोपात वेगळे. युरोपचा प्लग म्हणूनच १३ पिनांपर्यंत गेला, आणि परदेशी धाटणीच्या मोटारीला अमेरिकन ट्रेलर जोडताना मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते. सगळ्यांत दुर्लक्षित तार पांढरी. ती गंजली की वीज हूकच्या गोळ्यातून परतीची वाट शोधते, आणि त्या गोळ्यावर ग्रीस असते. मग इंडिकेटर दिला की सगळेच दिवे मिणमिणतात. मेकॅनिक बल्ब बदलत बसतो, दोष मात्र अर्थमध्ये असतो.

या सगळ्याची परीक्षा कुठे झाली असेल, तर वॉली बायम यांच्या काफिल्यांत. एअरस्ट्रीम या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरचे हे जनक. लहानपणी मेंढरांमागे फिरताना त्यांचे घर म्हणजे गाढवाने ओढायची दुचाकी गाडी होती. १९५९ मध्ये ते ४१ ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोला निघाले. १९६२ मध्ये ते वारले, तरी पुढच्या वर्षी सिंगापूरहून आणखी एक काफिला निघाला, भारत-अफगाणिस्तान ओलांडून युरोपात पोचला. या प्रवासाला त्यांनी नाव दिले होते 'कॅरव्हॅन'. ज्या वाटांवर तो शब्द जन्मला, जिथे सरायांच्या भिंती अजून उभ्या होत्या, तिथून अमेरिकन पेन्शनर आपली स्वयंपाकघरे ओढत गेले. ते शब्द परत करायला आले होते असे मला उगीच वाटते.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चांगले आहे. पण आपल्याकडे ट्रेलर ओढणारे लाखो लोक आधीपासून आहेत, आणि ते पर्यटक नाहीत. दिवाळीच्या आसपास ऊस हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये एक पिन, दुसऱ्या ट्रॉलीला आणखी एक. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात रात्री मोटारसायकलवरून गेलेल्या कोणालाही तो अनुभव आहे. समोर अंधाराचाच एक तुकडा आणखी गडद दिसतो, आणि तो ऊस आहे हे कळेपर्यंत फार थोडे अंतर उरलेले असते. ओढणाऱ्याला आपली शेवटची ट्रॉली दिसत नाही, मागच्याला ट्रॅक्टर दिसत नाही. मेलेल्यांच्या बातम्या दर हंगामात आतल्या पानावर येतात.

दर वर्षी आरटीओ आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, फोटो छापून येतात. ऊस रचताना तो बाजूंनी आणि मागून खाली लोंबतो आणि लावलेला रिफ्लेक्टर झाकला जातो. नियमात दिवेही आहेत. अनेक ट्रॅक्टरांच्या मागे सात पिनांचे सॉकेट कारखान्यातूनच बसवून येते, झाकणासकट. ट्रॉली मात्र गावातल्या वर्कशॉपमध्ये तयार होते. तिथे चॅसी वेल्डिंग होते, हूक होतो, रंग होतो, पाठीमागे मालकाचे नाव, 'आई-वडिलांचा आशीर्वाद' किंवा '७८६' सुबक अक्षरांत रंगवून होते. वायरिंग कोणी मागत नाही, म्हणून कोणी करत नाही. पुढच्या हंगामाची ट्रॉली बांधायला टाकाल तेव्हा पेंटरच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. चार तारा, दोन दिवे, एक प्लग. आणि दिवे अशा उंचीवर लावायला सांगा की भरलेल्या ट्रॉलीचा ऊस त्यांच्यावर लोंबणार नाही.